उलमेल

‘उलमेल या विषयावर आपल्याकडे काही आहे का?’ पडद्यावरच्या चौकटीत हा प्रश्न उमटला तेव्हा तिचा एक हात नव्या मासिकांच्या गठ्ठ्यावर होता आणि दुसऱ्या हातात कॉलेजच्या ग्रंथालयाचा शिक्का होता. शिक्का तसाच अधांतरी राहिला. शेजारी देवघेवीच्या काकू परत आलेली पुस्तकं झटकून लावत होत्या. कुठल्या पुस्तकात कोण काय विसरलंय ते बघायचा त्यांना भारी नाद. त्यांनी मान लांब करून पडदा वाचला आणि म्हणाल्या, “उलमेल? हे काय, रानफुलाचं नाव आहे का हो बाई?” ती म्हणाली, “असेल.” “आमच्या सरांना विचारा. ते असते तर अर्धा तास व्युत्पत्ती सांगत बसले असते.” संदर्भ विभागाचे सर आज दाढ काढायला गेले होते, आणि ‘ग्रंथपालांना विचारा’ या चौकटीसमोर त्यांच्या जागी आज ती बसली होती. चौकटीत कोणाचंच नाव दिसत नाही. विचारणारा तो ‘वाचक’ आणि सांगणारा तो ‘मदतनीस’. ही सोय तिनेच करून घेतलेली. “शब्द चुकला असेल पोरांचा,” काकू म्हणाल्या आणि ढकलगाडी लोटत निघून गेल्या. गाडीचं एक चाक कुरकुरत होतं. ते कुरकुरणं कपाटांमधून लांब लांब जात राहिलं.

शब्द चुकलेला नव्हता. म्हणजे चुकलेलाच होता, पण आज नव्हे. तो कधी चुकला ते तिला लख्ख ठाऊक होतं, आणि जगात तो शब्द ठाऊक असणारी माणसं अवघी तीन होती. ठकूचे पुढचे दात पडलेले होते तेव्हाची गोष्ट. ठकू म्हणजे तिची मुलगी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ठकूला झाड व्हायचं होतं, नुसतं उभं राहायचं होतं, आणि ती जिन्यात पोट धरून बसली होती. वरच्या पायरीवर उभी राहून आई, म्हणजे ती स्वतः, फोनवर मावशीला सांगत होती की सकाळपासून नुसती उलघाल चाललीय, आणि खालच्या पायरीवर बाबा बुटाची नाडी बांधत म्हणत होते की या पोरीपायी आपल्याच जिवाची घालमेल होतेय. दोघांच्या मध्ये बसलेल्या ठकूने दोन्हीकडून अर्धं अर्धं उचललं आणि मोठ्या गांभीर्याने सांगितलं, “मला उलमेल होतंय.” दोघंही हसले. आधी चिडवण्यासाठी तो शब्द वापरला, मग सवयीने, मग त्याच्यावाचून अडायला लागलं म्हणून. वीज गेली आणि नकाशा अर्धवट राहिला की ठकूचे बाबा म्हणायचे, उलमेल. रिझल्टच्या आदल्या दिवशी उलमेल. डॉक्टरांनी बाहेर थांबायला सांगितलं की उलमेल. कोणी तो कधी दुरुस्त केला नाही. पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी जरा तिरकी लागली तर खरवडून परत लावायला सांगणारी बाई, आणि स्वतःच्या पोरीला तिने एक खोटा शब्द खऱ्यासारखा वापरू दिला! आणि ठकूला बाहेर तो कधी वापरावा लागलाच नसणार. बाहेर ती ‘टेन्शन’ म्हणते. उलमेल घरात होतं, घरच्या लोकांपाशी होतं. आज पहिल्यांदाच तिने तो उंबऱ्याबाहेर काढला होता, एका नाव नसलेल्या मदतनिसापुढे ठेवला होता, आणि असा शब्द भाषेत नाही याची तिला कल्पनासुद्धा नव्हती.

काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून तिने तो शब्द शोधयंत्रात टाकला. यंत्राने क्षणभर विचार केल्याचं सोंग केलं आणि सांगितलं: एकही नोंद नाही. तुम्हाला ‘ताळमेळ’ म्हणायचे आहे काय? तिला हसू आलं. ताळमेळ हा तिचा आवडता शब्द. माणूस दिसला की ती त्याला मनात कुठल्या ना कुठल्या कपाटात लावून मोकळी होते, ही तिची जुनी खोड. प्राचार्य म्हणजे बांधणी चांगली, आतली पानं कोरी. काकू म्हणजे दैनिक, रोज ताजं, दुसऱ्या दिवशी रद्दी. नवरा म्हणजे संदर्भग्रंथ, जागेवरच वाचायचा, बाहेर न्यायला परवानगी नाही. ठकू तेवढी कुठल्या कपाटात बसत नव्हती. कॉलेजात प्रवेश मिळाला त्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं, “तिथे तू मला ओळखायचं नाहीस हं. मी तुला मॅडम म्हणेन.” “आणि घरी?” “घरी बघू.” तेव्हापासून पाचवं वर्ष चालू आहे. ठकू खिडकीशी येते, कार्ड पुढे करते, “मॅडम, या पुस्तकाची मुदत वाढवून द्याल का?” म्हणते आणि ती शिक्का मारून देते. काकू एकदा म्हणाल्या होत्या, “तुमची लेक वळणाची हो, किती अदबीने बोलते!” त्या अदबीने आपल्याला बरं वाटलं की लागलं, हे तिला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

चौकटीत पुन्हा अक्षरं उमटली. ‘पुस्तक नसलं तरी चालेल. ऐकायचं काही असेल तर जास्त बरं. मी खाली माध्यम कक्षातच आहे.’ म्हणजे ठकू तिच्या पायांखाली बसली होती. ही फरशी, तिच्याखाली स्लॅब, स्लॅबखाली छतातले दिवे, आणि त्या दिव्यांखाली कापडी आसनांच्या त्या खोलीत हेडफोन लावून बसलेली आपली मुलगी. त्या खोलीची तारीफ ती दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांपुढे करते. ‘मित्रांनो, इथे पुस्तकं तर आहेतच, पण तेवढंच नाही. जुनी वर्तमानपत्रं फिल्मवर बघता येतात. मागच्या परीक्षांचे पेपर आहेत. जगातली नियतकालिकं तुमच्या खोलीत बसून उघडता येतात, फक्त संकेतशब्द आमच्याकडून घ्या. व्याख्यानं, मुलाखती, भाषा शिकायच्या ध्वनिफिती, माहितीपट. एखादी गोष्ट आमच्याकडे नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देऊ. आणि कुठलाही प्रश्न वेडगळ नसतो. तो कोणी विचारला, हे आम्ही विचारत नाही.’ ठकूच्या पहिल्या वर्षी हे सगळं बोलताना तिने शेवटच्या बाकाकडे एकदाही बघितलं नव्हतं. मान अवघडली होती. पण शेवटच्या बाकाने ते सगळं ऐकलं होतं, आणि त्यातलं नेमकं शेवटचं वाक्य जपून ठेवलं होतं, हे तिला आता कळत होतं. कोणी विचारला हे आम्ही विचारत नाही. आणि न विचारताच कळलं तर? त्याबद्दल भाषणात काही नव्हतं.

तिने लिहिलं, ‘विषय जरा स्पष्ट कराल का?’ सरांच्या अंगात शिरून, सरांच्या कोरड्या सुरात. धंद्यातली ही पहिली शिकवण. माणूस पहिल्यांदा विचारतो तो त्याचा खरा प्रश्न नसतोच. जो पक्ष्यांवरचं पुस्तक मागतो त्याला पोपट कसा मेला ते हवं असतं. उत्तर आलं ते एकदमच आलं, धरण फुटल्यासारखं. ‘मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेवटच्या परीक्षेला बसायचं नाही असं मी ठरवलंय. नापास होईन म्हणून नाही. पास होईन म्हणून. मला इमारती आवडत नाहीत. त्यात माणसं राहायला आली की मग आवडतात. आता हे घरी सांगायचंय आणि सारखं उलमेल होतंय. अशा वेळी माणसं कशी बोलतात, त्याचं काही ध्वनिमुद्रण वगैरे असतं का? सर, तुम्हाला हे वेडगळ वाटेल.’

तिने शिक्का खाली ठेवला. तो आडवा झाला आणि मासिकाच्या कव्हरवर जांभळी किनार उमटली. तिच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आली ती नवऱ्याची पाठ. घरातल्या उतरत्या टेबलावर वाकलेली, बनियनमधली, गुळगुळीत पाठ. सोसायटीतले लोक त्याला नकाशेवाले म्हणतात. आयुष्यभर त्याने इमारती काढल्या, जिने काढले, खिडक्या काढल्या, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात सही मात्र दुसऱ्याची. सहीचा अधिकार असणारा माणूस दुपारी गाडीतून उतरायचा, उभ्याउभ्या पेन फिरवायचा आणि जायचा. “काढलं कोणी आणि नाव कोणाचं,” नवरा हसत म्हणायचा. कडवटपणा नसायचा त्यात, आणि तेच तिला जास्त खुपायचं. ठकूला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला त्या दिवशी हा माणूस जिन्यातून प्रत्येक दार वाजवत वर आला होता. हल्ली तो एक पाटी काढतोय. ठकूचं नाव, खाली पदवी, अक्षरं कशी असावीत यावर रोज खोडाखोड. आज सकाळीच त्याने कागद पुढे केला होता, “अगं बघ, हा वळसा जरा जड होतोय का?” ती म्हणाली, “छान आहे.” ठकूने ताटातून मान वर न करता विचारलं होतं, “बाबा, पाटी पुसता येईल अशी करणार की कोरीव?” “कोरीव! पितळेची!” आणि ठकू उठून गेली होती, अर्धं खाणं तसंच टाकून. तेव्हा तिला वाटलं की पोरीला उशीर होतोय. माणसांच्या बारीकसारीक नोंदी ठेवण्याचा एवढा तोरा, आणि जी नोंद घ्यायची तीच निसटली.

आणि नुसता नवरा कशाला? आपण काय कमी आहोत? काकूंना कोणी सांगितलं होतं, पुढच्या वर्षी ग्रंथालयाच्या नव्या विभागाचा आराखडा ठकूच करेल म्हणून? विनोद म्हणून सांगितलं होतं, पण काकूंनी तो दैनिकासारखा घरोघर पोचवला होता. आता सगळ्यांच्या नजरा, आणि “काय झालं हो?” असं मान तिरकी करून विचारणं. तिला एकदम उकडायला लागलं. पंखा फिरत होता. पडद्याच्या कडेला एक बटण होतं: वाचकाचा पूर्वइतिहास. कुठल्या वाचकाने काय काय नेलं, काय ऐकलं. तिचं बोट त्यावर जाऊन थांबलं. ठकू काय वाचते, त्या खोलीत बसून काय ऐकते, हे सगळं कळलं तर काहीतरी धागा लागेल. पण तिथे काही नव्हतं, असणारच नव्हतं. वस्तू परत आली की नाव पुसलं जातं. कोण काय वाचतं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, असं भर सभेत टेबलावर हात आपटून सांगितलेलं कोणी? तिनेच. प्राचार्यांनी त्याचं कौतुकही केलं होतं. आता त्याच कौतुकाला टाचणी लावून ती बसली होती.

मग तिच्या मनात तो विचार आला, आणि आला तो अगदी सभ्यपणे, दार वाजवून आला. ठकूला वाटतंय की पलीकडे सर आहेत. सरांचं ती ऐकते. घरी दोनदा म्हणाली होती, “सर उगाच बोलत नाहीत.” तर सरांनीच सांगितलं तर? आईने सांगितलं की भांडण होईल, बाबांनी सांगितलं की रडारड होईल, पण एका परक्या, शहाण्या माणसाने अगदी सहज सांगितलं तर पोरगी परीक्षेला बसेल. एकदा बसू दे. पदवी तर हातात येऊ दे. मग काय करायचं ते कर म्हणावं. यात फसवणूक काय आहे? भल्यासाठीच तर आहे. तिने लिहिलं, ‘असे मोठे निर्णय परीक्षेनंतर घ्यावेत, असे जाणकार सांगतात.’ पाठवलं नाही. ‘जाणकार’ या शब्दाकडे बघत राहिली. जाणकार म्हणजे कोण? पुसलं. पुन्हा लिहिलं, ‘एवढी वर्षं घालवल्यावर’. पुसलं. घालवली कोणी? ‘आईवडिलांचाही विचार’ एवढं लिहिलं आणि तिचे कान तापले.

‘तुम्ही लिहिताय आणि पुसताय,’ चौकटीत आलं. ‘मला इथे टिंबं हलताना दिसतात.’

ती दचकली. समोरून कोणीतरी आपल्याला आरशातून बघावं तसं वाटलं. खिडकीपाशी एक विद्यार्थी कार्ड घेऊन उभा होता. काकूंनी लांबूनच त्याला हाक मारली, “इकडे ये रे, बाई कामात आहेत!” तिने पदराने कपाळ पुसलं आणि धंद्यातला तो दुसरा प्रश्न विचारला. खोटं न बोलता विचारता येण्यासारखा तेवढाच उरला होता. ‘तुम्हाला नक्की काय ऐकायचं आहे?’

या वेळी उत्तर यायला फार वेळ लागला. टिंबं हलत होती, थांबत होती. आता तीही टिंबं बघत होती. खालची मुलगी काय लिहून काय पुसतेय याचा अंदाज बांधत होती, आणि तो बांधता बांधता तिच्या पोटात तेच सुरू झालं. गॅदरिंगच्या दिवशी जिन्यात झालं होतं ते. डॉक्टरांच्या दाराबाहेर सुरू व्हायचं ते. त्याला दुसरा शब्द तिलाही आठवेना.

‘बाबांना सांगणं सोपं आहे,’ आलं. ‘ते रडतील, मग नाक शिंकरतील आणि मला जवळ घेतील. अवघड आई आहे. ती रडणार नाही. ती लगेच पर्याय काढेल. एक वर्ष थांब, हे करून बघ, ते करून बघ, अमक्याला भेट. माझं बोलणं संपायच्या आत ती मला कुठल्यातरी कपाटात लावून मोकळी होईल. तिच्याकडे सगळ्यावर काहीतरी असतं. मला तिच्याकडून काही नकोय. मी सांगितल्यावर कोणीतरी नुसतं “बरं” म्हटलेलं मला ऐकायचंय. नुसतं बरं. पुढे “पण” नाही, “परंतु” नाही. असं काही आहे का तुमच्याकडे?’ आणि खाली, ‘मला माहितीये नसणार. तरी बघा.’

तिने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, नेहमीच्या सवयीने, एखादी नोंद तपासावी तसं, कुठे चूक सापडते का बघत. चूक नव्हती. राग आला होता तो आधी. कपाट म्हणे! दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा सुजल्या तेव्हा, तापात रात्रभर डोक्यावर पट्ट्या ठेवल्या तेव्हा, काय कपाटात लावत होते का मी? मग राग तिथेच कुठेतरी बसला, दमलेल्या माणसासारखा. कारण या क्षणीसुद्धा तिच्या डोक्यात पर्याय तयार होते. आतल्या आत रांगेत उभे होते, क्रमाने, नीट पाठीवर चिठ्ठ्या लावून. पदविकेचा एक अभ्यासक्रम, मामेबहिणीची संस्था, विद्यापीठाची एक सवलत. तिने नुसतं बोट हलवायचा अवकाश. आपल्या आईने आपल्याला कधी ‘बरं’ म्हटलं होतं का, ते तिला आठवून बघावंसं वाटलं. आईचं ‘बरं’ नेहमी ‘बरं मग’ असायचं, आणि त्या ‘मग’च्या मागून घरभराची कामं यायची. मी निदान कामं तरी सांगत नाही, पर्याय देते, असं तिने स्वतःला सांगितलं. पण त्यात काही दम नव्हता. ऐकणाऱ्याला ते सारखंच ऐकू जात असणार.

तिने चौकटीत बोटं ठेवली. सर म्हणून लिहिता येत नव्हतं आणि आई म्हणून लिहायची हिंमत नव्हती. मग तिने ग्रंथपाल म्हणून लिहिलं, खरी माहिती, कुठल्याही वाचकाला दिली असती तशी. ‘उलमेल हा शब्द आमच्या एकाही कोशात नाही. शोधयंत्रातही नाही. माझ्या माहितीप्रमाणे तो फक्त एका घरात वापरला जातो.’ आणि विचार करायच्या आत पाठवून दिलं.

टिंबं हलली नाहीत. काकू रिकामी गाडी घेऊन परत आल्या, चाक कुरकुरत. “सापडलं का हो ते रानफूल?” “सापडलं.” “बघा! आणि मी म्हणत होते चुकलंय.” तिने काकूंकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांना कुठेही लावलं नाही. काकू आपल्या नुसत्या उभ्या होत्या, घामेजलेल्या, बोटांना धूळ लागलेली. “तुम्ही जरा इथे बसता का काकू?” “मी? त्या पडद्यापुढे? मला मेलीला काय येतंय!” “नुसतं बसा. कोणी काही विचारलं तर सांगा, बाई खाली गेल्यात.” ती उठली तेव्हा चौकटीत शेवटची ओळ उमटली.

‘मग बाकीचे लोक याला काय म्हणतात?’

जिना उतरताना हा प्रश्न तिच्याबरोबर पायरीपायरीने खाली येत होता. आई, तू खोटेपणा केलास, असं नाही. सर कुठे आहेत, असं नाही. पोरीने विचारलं काय, तर बाकीचे लोक काय म्हणतात. इतकी वर्षं खऱ्या शब्दासारखा वापरला तो शब्द हातात फुटल्यावर तिला पहिल्यांदा बाकीच्या लोकांची काळजी वाटली, त्यांचं कसं भागतं याची. तिला एकदम ठकूचा मोठा, न पेलवणारा अभिमान वाटला, आणि तो सांगायचा नाही असंही ठरलं, कारण अभिमानसुद्धा एक पर्यायच झाला असता. ‘उलघाल’ आणि ‘घालमेल’ हे दोन्ही शब्द तिच्या तोंडाशी होते. तिला ते आता अर्धेमुर्धे वाटत होते, चुकीच्या जागी फाटलेले.

माध्यम कक्षाचं दार जड आहे, आवाज आत जाऊ नये म्हणून. ते ढकलल्यावर गार हवा आली आणि कापडाचा, तापलेल्या तारांचा वास. भिंतीवर शांततेची पाटी. ती तिनेच लावलेली, अक्षरं नवऱ्याने काढलेली. दोघंतिघं आपापल्या पडद्यात बुडालेले. कोपऱ्यातल्या जागेवर पाठमोरी ठकू बसली होती. मोठे काळे हेडफोन, केस एका बाजूला ओढलेले, आणि पाठ अशी वाकलेली, जणू उतरत्या टेबलावरच वाकलीय. हुबेहूब. ठकूच्या समोरचा पडदा तिला मागून दिसत होता. त्यावर ती चौकट होती आणि दुसरं काहीच नव्हतं. हेडफोनमध्ये काही वाजत नव्हतं. पोरगी नुसती कान झाकून बसली होती.

ती मागे जाऊन उभी राहिली. ठकूला कळलं असावं, कारण तिची मान ताठ झाली, पण ती वळली नाही. तिने फक्त एका कानावरचा हेडफोन उचलून बाजूला धरला. एकच कान. आईला तेवढीच जागा. त्या क्षणी पर्यायांची अख्खी रांग घशात गर्दी करून आली. मामेबहिणीची संस्था सगळ्यांत पुढे होती. नवऱ्याची पितळी पाटी होती, काकूंचं दैनिक होतं, पुढची कितीतरी वर्षं होती, पोरीचं पुढे काय होणार ही भीती होती. आणि ती भीती खोटी नव्हती. हे काही बरं नव्हतं. त्यातलं काहीच तिला बरं वाटत नव्हतं.

“बरं,” ती म्हणाली.

आवाज फारच मोठा निघाला. दोनतीन डोकी वळली. कोणीतरी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. ठकूने मागे न बघता ओठांवर बोट ठेवलं आणि दटावल्यासारखं पुटपुटली, “हळू, मॅडम.”

ती थांबली. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, ‘पण’ने सुरू होणारं. तिने दात त्यावर आवळून धरले. पोटात उलमेल चाललं होतं, आणि ते लपवायला तिच्याकडे दुसरा कुठलाही शब्द नव्हता. ठकूने दुसरा कानही मोकळा केला. हेडफोन गळ्यात अडकले. ती अजून पडद्याकडेच बघत होती.

“परत म्हण, आई.”